डाळ शिजविणारे पाणी आणि चोपण जमीन : अम्ल, क्षारक व लवण यांच्या मूलकल्पनांचे एक उपयोजन

१. उपोद्घात

वाशीम जिल्ह्यातील खेड्यांत विहिरीच्या पाण्याची परीक्षा प्रथम चुलीवर होते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते व कपडे धुताना साबणाला चांगला फेस येतो ते पाणी ‘हलके’ व चांगले. ज्यात डाळ दडस राहते ते ‘जड’ व वाईट. घरकामापुरती ही परीक्षा अगदी बरोबर आहे. परंतु तेच हलके पाणी वर्षानुवर्षे काळ्या जमिनीला दिले असता ती जमीन चोपण होऊ शकते, आणि ज्या पाण्याला घरातील मंडळी नावे ठेवतात ते जमिनीला, इतर गोष्टी समान असता, अधिक मानवते. हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे. अम्ल, क्षारक व लवण यांविषयीच्या मूलकल्पना नीट लावल्या की तो आपोआप उलगडतो.

या कल्पना आपण पदवीपूर्व वर्गातच शिकतो आणि पुढे त्या ज्ञात आहेत असे समजून चालतो. परंतु पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आणि पाण्याची अल्कता या दोन वेगळ्या राशी आहेत, हे भेदज्ञान पदव्युत्तर विद्यार्थ्यांतही पुष्कळदा दृढ झालेले नसते. सामू हे पाण्याच्या क्षणिक अवस्थेचे माप आहे. अल्कता हे त्याच्या संचिताचे माप आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, वऱ्हाडातील पाण्याचे व जमिनीचे भवितव्य सामूने ठरत नसून, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांना पुरून उरणाऱ्या अल्कतेने ठरते. या तत्त्वाचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या शेजारीच, रिसोड तालुक्याच्या पश्चिमेस जिल्ह्याची सीमा ओलांडताच, लोणारच्या सरोवरात पाहावयास मिळते.

२. ‘क्षार’ या शब्दाविषयी

विषयप्रवेशापूर्वी परिभाषेचा थोडा खुलासा आवश्यक आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत आम्ल, आम्लारी व क्षार अशी त्रयी आहे. तेथे क्षार म्हणजे अम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा पदार्थ. मराठी विश्वकोशात याच त्रयीला अम्ल, क्षारक व लवण असे म्हटले आहे. आयुर्वेदात मात्र क्षार म्हणजे दाहक द्रव्य. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतींच्या राखेपासून मृदू, मध्यम व तीक्ष्ण क्षार करण्याची कृती आहे. तीत राखेच्या निवळीत भाजलेल्या चुनखडीचा व शिंपल्यांचा उपयोग सांगितला आहे. राखेतील पोटॅशियम कार्बोनेटाची चुन्याशी विक्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते व द्रावणात दाहक पोटॅश राहते, असे आज आपण म्हणू. क्षाराचा दाह अम्लाने शमतो हेही त्या ग्रंथात नोंदलेले आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या प्रक्रियेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते.

बोलीतील ‘खार’ हा शब्द या दोन्ही अर्थांना स्पर्श करतो. खारे पाणी म्हणजे मिठाचे पाणी. पण पापडखार म्हणजे सोडा. एक पदार्थ उदासीन आहे, दुसरा अल्कधर्मी. शब्द एक असल्यामुळे या दोन्ही द्रव्यांचा जमिनीवरील परिणाम एकच असावा अशी समजूत होते. ती मोडणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. यास्तव पुढील विवेचनात अम्ल, क्षारक व लवण ही नावे योजली असून, द्रावणाच्या अम्लशोषक सामर्थ्यास ‘अल्कता’ असे म्हटले आहे.

३. लवण उदासीनच असते काय?

अम्ल व क्षारक एकत्र आले की लवण व पाणी होते, आणि लवण उदासीन असते, ही शिकवण अर्धीच खरी आहे. साध्या मिठाचे द्रावण उदासीन असते, कारण त्याचे जनक असलेले हायड्रोक्लोरिक अम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड हे दोघेही प्रबल आहेत. परंतु अमोनियम क्लोराइडाच्या दशांश मोलर द्रावणाचा सामू सुमारे ५ असतो, तर सोडियम कार्बोनेटाच्या तेवढ्याच तीव्रतेच्या द्रावणाचा सामू ११.५ च्या वर जातो. तिन्ही पदार्थ लवणेच आहेत.

आऱ्हेनियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मांडलेल्या विगमन सिद्धांतानुसार अम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देणारे व क्षारक म्हणजे हायड्रॉक्सिल आयन देणारे द्रव्य. सोडियम कार्बोनेटाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट नाही. तरीही त्याचे द्रावण हळदीच्या कागदाला तांबूस करते. ही अडचण दूर करण्यासाठी त्या पद्धतीत ‘लवणाचे जलीय विघटन’ असा वेगळा प्रकार मानावा लागतो. १९२३ मध्ये ब्रन्स्टेड व लाउरी यांनी स्वतंत्रपणे जी व्याख्या केली तीत हा अपवाद उरत नाही. प्रोटॉन देतो तो अम्ल, प्रोटॉन घेतो तो क्षारक. कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो व बायकार्बोनेट होतो. म्हणून तो स्वतःच क्षारक आहे. बायकार्बोनेट आयन दुसरा प्रोटॉन घेऊन कार्बॉनिक अम्ल होऊ शकतो, किंवा असलेला प्रोटॉन सोडून पुन्हा कार्बोनेट होऊ शकतो. म्हणून तो उभयधर्मी आहे.

कार्बॉनिक अम्लाच्या दोन विगमनांचे पीके २५ अंश सेल्सिअस तापमानास अनुक्रमे ६.३५ व १०.३३ आहेत. या दोन आकड्यांवर नैसर्गिक पाण्याचे बहुतेक सारे अम्ल-क्षारक रसायनशास्त्र उभे आहे. सामू ६.३५ व १०.३३ यांच्या दरम्यान असता बायकार्बोनेटाचे प्राबल्य असते, १०.३३ च्या वर कार्बोनेटाचे. क्षारमय पाण्यात आयनांच्या परस्परप्रभावामुळे दुसरा आकडा बराच खाली सरकतो, हे लोणारसंबंधी विचार करताना ध्यानी ठेवले पाहिजे.

४. बेसाल्ट, पाऊस व दुर्बल अम्ल

वाशीमचे पठार दख्खनच्या बेसाल्टाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाच्या थरांतून बनलेल्या या खडकात प्लॅजिओक्लेज फेल्स्पार व ऑजाइट ही मुख्य खनिजे आहेत. त्यांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम मिळतात. त्यांना मुक्त करणारे अम्ल मात्र आकाशातून व मातीतून येते. हवेतील कार्बन डायऑक्साइडामुळे निर्मळ पावसाच्या पाण्याचा सामू सुमारे ५.६ असतो. तेच पाणी मातीत मुरले की मुळांच्या व सूक्ष्मजंतूंच्या श्वसनामुळे तेथील हवेत असलेल्या, बाहेरच्या हवेच्या दसपट ते शंभरपट कार्बन डायऑक्साइडाशी त्याचा संयोग होतो. या दुर्बल अम्लाचा प्रोटॉन फेल्स्पारात शिरतो, सोडियम व कॅल्शियम बाहेर पडतात, सिलिकेटाचा सांगाडा चिकणमातीचे रूप घेतो आणि पाण्यात बायकार्बोनेट राहते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही सबंध घटना म्हणजे एक विस्तीर्ण अनुमापन होय. खडक हा क्षारक आहे, पावसाचे पाणी अम्ल आहे, आणि विहिरीतील बायकार्बोनेटे ही त्यांच्या संयोगाची लवणे आहेत. फेल्स्पारातून प्रोटॉनच्या मोबदल्यात सुटलेल्या प्रत्येक तुल्यभार धातुआयनामागे एक तुल्यभार बायकार्बोनेट द्रावणात येते. पठारावरील तरुण भूजलात सामान्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आधिक्य असते, सोडियम मागे असते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, कारण डाळीच्या पेशीभित्तिकांतील पेक्टिन कॅल्शियमाने एकमेकांस जखडले जाते. सोड्याचे पाणी याच्या उलट वागते. कॅल्शियम त्यात कमी असतेच, शिवाय अल्कधर्मी द्रावणात पेक्टिन लवकर तुटते. चिमूटभर सोडा घालून डाळ शिजविणारी गृहिणी नकळत पाण्याचा हाच स्वभाव बदलीत असते.

५. एका लहानशा बाकीचे मोठे फलित

आता दोन काल्पनिक पाण्यांची तुलना करू. सर्व आकडे दर लिटरला मिलितुल्यभारांत आहेत.

पहिल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ४, सोडियम ३, बायकार्बोनेट ६ व क्लोराइड १ आहे. दुसऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ६, सोडियम १, बायकार्बोनेट ४ व क्लोराइड ३ आहे. दोहोंत धनभाराची व ऋणभाराची बेरीज प्रत्येकी ७ येते; विरघळलेल्या द्रव्यांचे प्रमाणही जवळजवळ सारखे. विद्युत्‌वाहकता मोजणाऱ्यास किंवा केवळ चव घेणाऱ्यास त्यांत फारसा भेद जाणवणार नाही.

ही दोन्ही पाणी बाष्पीभवनाने वीसपट घट्ट झाली असे समजू. पाणी आटू लागताच कॅल्शियम कार्बोनेटाची विद्राव्यतेची मर्यादा ओलांडली जाते व ते साक्याच्या रूपाने खाली बसू लागते. मॅग्नेशियम अधिक सावकाशीने, काही अंशी चिकणमातीत शिरून, बाहेर पडते. सोयीसाठी त्यासही कॅल्शियमाबरोबरच धरू. खाली बसताना एक तुल्यभार धातू आपल्याबरोबर एक तुल्यभार अल्कता घेऊन जातो. म्हणजे दोहोंपैकी जे आरंभी कमी असेल ते संपत जाते, आणि जे जास्त असेल त्याची बाकी वाढतच जाते.

पहिल्या पाण्यात धातू संपतात. वीसपट आटल्यानंतर सोडियम ६०, क्लोराइड २० व अल्कता ४० उरते; हे सोड्याचे पाणी झाले. हवेतील कार्बन डायऑक्साइडाशी समतोल साधल्यावर त्याचा सामू साडेनऊच्या वर येतो. दुसऱ्या पाण्यात अल्कता जवळजवळ संपते. कॅल्शियम व मॅग्नेशियम ४०, सोडियम २० व क्लोराइड ६० उरते. हे पाणी खारट-कडवट असले तरी सोड्याचे नव्हे, आणि त्याचा सामू उदासीनतेपासून फार दूर जात नाही.

आरंभी दोहोंतील भेद अवघ्या दोन-दोन मिलितुल्यभारांचा होता. शेवटी पाण्याची जातच बदलली. हार्डी व युगस्टर यांनी १९७० मध्ये या विचाराला पद्धतशीर रूप दिले. त्यांच्या मांडणीत अशा टप्प्यास रासायनिक जलविभाजक म्हणता येईल असे स्थान आहे. ज्याप्रमाणे वाशीमच्या पठारावर पडलेल्या पावसाचा एक थेंब काटेपूर्णेवाटे पूर्णा व तापीकडे जातो, तर त्याच्या शेजारचा दुसरा पैनगंगेवाटे गोदावरीकडे, त्याप्रमाणे एका सूक्ष्म आधिक्यावर पाण्याची पुढील सारी वाटचाल अवलंबून असते.

६. लोणार : पहिल्या पाण्याचा शेवट

लोणारचे विवर बेसाल्टात उल्कापाताने झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील खडकांत मॅस्केलिनाइट हा आघाताने बनणारा काचसदृश पदार्थ आढळल्यानंतर उल्कापाताविषयीची शंका मावळली. विवराच्या तळाशी असलेल्या सरोवरात पाणी येते, बाहेर जात नाही. कडेने वाहणाऱ्या धारेसारख्या झऱ्यांचे पाणी गोडे आहे. सरोवराचे मात्र इतके अल्कधर्मी की त्याचा सामू बहुधा १० च्या आसपास मिळतो. गोड्या झऱ्यांतून व पावसातून भरणारे तळे सोड्याचे कसे झाले, या कोड्याचे उत्तर मागील परिच्छेदात आले आहे. बेसाल्टातून आलेले पाणी बंदिस्त भांड्यात शतकानुशतके आटत राहिले. कॅल्शियम गाळात बसले, सोडियम व अल्कता वर राहिली. सोड्याबरोबर साधे मीठही तेथे विपुल आहे, कारण क्लोराइडास खाली बसविणारा धातू त्या पाण्यात नाही.

या द्रव्याची महती जुनी आहे. आईन-इ-अकबरीत मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारचा उल्लेख असून, तेथे काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात असे म्हटले आहे. काच व साबण या दोहोंस मीठ चालत नाही, सोडा लागतो. म्हणजे सोळाव्या शतकातील त्या नोंदीतच सरोवराचे रासायनिक स्वरूप सूचित झाले आहे. पुढे सरोवरातून काढलेल्या खाराचे दल्ला, पापडी, भुसकी असे प्रकार व्यापारात ओळखले जात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश व ख्रिस्ती यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेला लोणारविषयीचा प्रबंध आजही अभ्यासनीय आहे.

सोड्याच्या सरोवरांतून स्वाभाविकपणे बसणाऱ्या ट्रोना या खनिजात कार्बोनेट व बायकार्बोनेट समप्रमाणात असतात. विद्यार्थ्यांनी हे सूत्र केवळ पाठ न करता सामूशी जोडून पाहावे. ज्या सामूस हे दोन आयन तुल्यबळ असतात तो म्हणजे दुसरे पीके. आणि अशा सरोवरांचा सामू त्याच परिसरात रेंगाळतो. त्या ठिकाणी द्रावणाचे प्रतिरोधक सामर्थ्य मोठे असते. त्यामुळे शेवाळाने दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषला, किंवा कुजणाऱ्या पदार्थांनी तो सोडला, तरी सामू सहजासहजी ढळत नाही. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. सरोवरात सांडपाणी वा जादा गोडे पाणी येऊ लागले तर सामू पुष्कळ काळ जवळजवळ तोच राहील, पण अल्कतेचा साठा आधीच पातळ होऊ लागलेला असेल. सरोवराच्या प्रकृतीवर लक्ष ठेवावयाचे तर केवळ सामूच्या नोंदी पुरेशा नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तेव्हा ही सूचना अप्रस्तुत ठरू नये.

उलट दिशेची घटनाही नोंदलेली आहे. जून २०२० मध्ये पाणी आटून लवणांची तीव्रता वाढली तेव्हा सरोवर गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या रंगाचे कारण लवणप्रेमी सूक्ष्मजीव, म्हणजे हॅलोआर्किया, असल्याचे दाखविले. सरोवराच्या गाळातही अशा शुष्क काळांचे पुरावे आहेत. सोडियम व कॅल्शियम या दोहोंचे जलयुक्त कार्बोनेट असलेल्या गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक गाळाच्या काही थरांत सापडतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्यांवरून गेल्या काही सहस्रकांतील दीर्घ अवर्षणांचा मागोवा घेण्यात आला.

७. तेच रसायन मातीत

लोणारला जे घडण्यास सहस्रके लागली ते शेतात काही दशकांतही घडू शकते, कारण तेथे भांडे लहान आहे. ओलिताचे पाणी मुळांभोवती आटते. पाण्याची पाळी दिली की पुन्हा भरते, पुन्हा आटते. पाणी पहिल्या जातीचे असेल तर प्रत्येक वेळी कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने मातीत अडकते व मातीच्या द्रावणात सोडियमाचे प्रमाण वाढते. काळ्या मातीतील स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीचे पापुद्रे ऋणभारित असून त्यांना धनायन चिकटलेले असतात. द्रावणात सोडियम वाढले की ते कॅल्शियमास हुसकून त्याच्या जागी बसते. द्विभारित कॅल्शियम पापुद्र्यांना एकत्र धरून ठेवते; एकभारित व जलावृत सोडियमाच्या अंगी ते सामर्थ्य नाही. मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, वाफसा लवकर येत नाही आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. हीच चोपण जमीन. मिठाने खराब झालेली क्षारपड जमीन निचरा करून भरपूर पाण्याने धुता येते. चोपण जमिनीत पाणीच उतरत नसल्यामुळे धुण्याची वाटच बंद होते. ‘खार’ या एका शब्दाखाली हे दोन रोग एकत्र करणे म्हणूनच घातक आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा हे या घटनेचे मोठे उदाहरण आहे. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोशी संबंधित बालपांडे, देशपांडे व पाल यांनी १९९६ मध्ये या खोऱ्यातील काळ्या जमिनींच्या अवनतीची चिकित्सा प्रसिद्ध केली. निमशुष्क हवामानात मातीतच चुनखडी तयार होत राहणे हे तेथील सोडियमाच्या वाढीमागील एक मूळ कारण असल्याचे त्यांच्या कार्यातून पुढे आले. अमेरिकेतील लवणता प्रयोगशाळेने १९५४ च्या हस्तपुस्तिकेत विनिमयक्षम सोडियमाची धोक्याची पातळी १५ टक्के धरली होती. आपल्या फुगणाऱ्या काळ्या जमिनींत त्याहून पुष्कळ कमी, ५ टक्क्यांच्या आसपासच्या सोडियमानेही पाणी मुरण्याची गती मंदावते, असे या अभ्यासपरंपरेचे प्रतिपादन आहे. म्हणजे परदेशी मर्यादा आपल्या जमिनीला जशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरेल.

वाशीमचे पठार उंचावर असल्याने त्याचा निचरा बरा आहे व तेथे हा रोग पूर्णेच्या खोऱ्याइतका पसरण्याचे कारण नाही. तथापि याच पठारावर काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा त्या खोऱ्याकडे वाहते. एकाच खडकावर पडणारा एकच पाऊस पठारावर विहिरीचे जड पाणी होतो, लोणारच्या विवरात सोडा होतो आणि पूर्णेच्या सखल भागात चोपण जमिनीला हातभार लावतो. भेद आहे तो पाणी किती आटले, आणि आटण्यापूर्वी त्याची बाकी कोणत्या बाजूला होती, याचा.

८. सामू का फसवितो?

ही बाकी सामूने कळत नाही, हे पहिल्या पाण्याच्या उदाहरणाने दाखविता येते. विहिरीच्या खोल भागात हवेच्या पन्नासपट कार्बन डायऑक्साइडाशी समतोल असताना त्याचा सामू ७.३ च्या आसपास असेल. तेच पाणी हौदात उघडे राहिले की वायू निघून जातो, चुनखडीचा साका धरतो व सामू साडेआठाच्या घरात जातो. पाणी तेच, मोजण्याची वेळ निराळी. विहिरीवरच्या सामूवरून त्यास उदासीन व निर्धोक ठरविणारा आणि हौदावरच्या सामूवरून अल्कधर्मी ठरविणारा, दोघेही आपापल्या वाचनापुरते प्रामाणिकच.

याउलट अल्कतेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम वजा केल्यावर उरणारी राशी या सर्व उलथापालथीत अचल राहते. कार्बन डायऑक्साइड आत आला वा बाहेर गेला तरी अल्कतेत भर वा घट होत नाही, कारण तो भाररहित रेणू आहे. चुनखडी खाली बसली तर धातू व अल्कता समतुल्य प्रमाणात कमी होतात. वजाबाकी तीच राहते. १९५० मध्ये ईटन यांनी या राशीस शेष सोडियम कार्बोनेट असे नाव दिले. ती दर लिटरला १.२५ मिलितुल्यभारांपेक्षा कमी असल्यास पाणी सुरक्षित, १.२५ ते २.५ असल्यास संशयित व २.५ च्या वर असल्यास ओलितास अयोग्य, असा संकेत पुढे रूढ झाला. विद्युत्‌वाहकता व सोडियम-शोषण गुणोत्तर यांची जोड तीस आवश्यक आहेच; पण सामू ज्याविषयी मौन पाळतो ते ही राशी स्पष्ट सांगते.

तिचे मापन कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत दोन अनुमापनांनी होते. ५० मिलिलिटर पाणी घेऊन मेथिल ऑरेंजच्या साक्षीने ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्लाने अल्कता मोजावी. तेवढेच पाणी घेऊन अमोनियाच्या प्रतिरोधक द्रावणात, एरिओक्रोम ब्लॅक टी वापरून, ०.०१ मोलर ईडीटीएने एकूण कठिनता मोजावी. दोन्ही अनुमापनांत १ मिलिलिटर म्हणजे दर लिटरला ०.४ मिलितुल्यभार होत असल्याने वाचने सरळ एकमेकांतून वजा करता येतात. अम्लाचे वाचन ईडीटीएच्या वाचनापेक्षा सुमारे ३ मिलिलिटरने अधिक असेल तर पाणी संशयित. सव्वासहा मिलिलिटरने अधिक असेल तर अयोग्य. बाटलीत पांढरा साका बसला असला तरी वरचे स्वच्छ पाणी घेतल्यास वजाबाकी बिघडत नाही, आणि दूरच्या गावाहून नमुने आणणाऱ्या विद्यार्थ्यास ही मोठीच सोय आहे.

९. उपाय आणि त्यामागील तर्क

अल्कधर्मी पाण्यावर अम्ल हाच उपाय असावा असे प्रथमदर्शनी वाटते. चुनखडीयुक्त जमिनीत गंधक टाकले असता जंतूंच्या क्रियेने त्याचे गंधकाम्ल होते, ते अडकलेली चुनखडी विरघळविते व कॅल्शियम पुन्हा मोकळे होते. हा मार्ग खराच आहे. परंतु अधिक रूढ उपाय जिप्समाचा, म्हणजे एका जवळजवळ उदासीन लवणाचा आहे. जिप्समातील कॅल्शियम शेष कार्बोनेटास चुनखडीच्या रूपाने खाली बसविते, मातीवरील सोडियमास हुसकते, आणि सोडियम सल्फेट निचऱ्याच्या पाण्याबरोबर जाते. निचरा नसेल तर मात्र हा उपाय अर्ध्यावरच थांबतो. चुनखडी घालून हे काम होत नाही, कारण अल्कधर्मी मातीत ती विरघळतच नाही. कॅल्शियम असणे पुरेसे नाही, ते द्रावणात असले पाहिजे.

जिप्समाचा तुल्यभार ८६ आहे. एका हेक्टरास १० सेंटिमीटर खोलीची पाळी म्हणजे १००० घनमीटर पाणी. त्यातील शेष कार्बोनेट दर लिटरला १ मिलितुल्यभाराने कमी करण्यास शुद्ध जिप्सम ८६ किलोग्रॅम लागेल. हा हिशेब विद्यार्थ्यांना साध्या तुल्यभारांच्या गणिताचे सजीव उदाहरण म्हणून देता येईल.

१०. समारोप

वरील विवेचनात नवा सिद्धांत कोणताही नाही. प्रोटॉनची देवघेव, दुर्बल अम्लाची दोन विगमने, विद्राव्यतेचा गुणाकार आणि भारांचा समतोल, या चार परिचित गोष्टी एकत्र आणल्या एवढेच. परंतु त्यांतून निघणारा निर्णय परिचित नाही. स्वयंपाकघराने उत्तम ठरविलेले पाणी शेतासाठी पुन्हा तपासावे लागते. आणि ती तपासणी सामूच्या कागदाने होत नाही, दोन ब्युरेटींच्या वाचनांतील फरकाने होते.

वाशीम जिल्ह्यात रब्बी पिकांना व हळदीला विहिरींचे पाणी दिले जाते. प्रत्येक गावातील विहिरींची ही एकच वजाबाकी पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या आरंभी अशी दोन वेळा नोंदली गेली, तर बाकी कोणत्या बाजूस झुकत आहे हे जमीन चोपण होण्यापूर्वीच कळेल. जमीन बिघडल्यानंतरच्या उपायांस खर्च व वर्षे लागतात. बिघडण्यापूर्वीच्या या उपायास ५० मिलिलिटरचे दोन नमुने लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापासून हे काम हाती घ्यावे. त्यासाठी लागणारे सारे रसायनशास्त्र ते पूर्वीच शिकलेले आहेत.